स्वस्त आणि टिकाऊ स्कोप मिळतो, पण आधी माउंट बघा

मागच्या अंकात स्प्रिंगच्या एअर रायफलबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यात जाताजाता स्कोपचा, म्हंजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा, उल्लेख आला आणि मग काय, यावेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न स्कोपचेच. म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढलीत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हंजे प्रत्येक उत्तरात परत नको: भारतात ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्युलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्स लागत नाही, पण विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, आणि लायसन्स नाही म्हणून कुठेही कशावरही चालवा असा त्याचा अर्थ होत नाही.

प्रश्न: माझ्याकडे ०.१७७ची ब्रेक बॅरल स्प्रिंग रायफल आहे. शेतावर पत्र्याचे डबे आणि कागदी टार्गेट मारतो, बाकी काही नाही. ऑनलाइन तीन हजाराचा ३-९×४० स्कोप घेतला, सुरुवातीला मस्त चालला, २० मीटरवर ग्रुप (छर्र्यांचा पसारा) नाण्याएवढा यायचा. आता एक छर्रा इथे तर दुसरा तिथे. दुकानदार म्हणतो हा स्कोप गेला, ४-१६×५० घ्या, आठ हजारात देतो. माझं बजेट पण आठ-दहा हजारच आहे. घेऊन टाकू का? (नाशिक)

नका घेऊ. निदान आत्ता तरी नका, आणि ४-१६×५० तर अजिबातच नको (पहिले आकडे म्हंजे किती पट मोठं दिसतं, शेवटचा म्हंजे पुढच्या भिंगाचे मिलिमीटर). का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी स्कोप खरंच गेलाय का ते बघा. स्कोप काढून ठेवा आणि रायफलच्या स्वतःच्या साइटवर, टेकू घेऊन, त्याच छर्र्यांनी दहा मीटरवर एक ग्रुप काढा. तिथेही छर्रे पसरत असतील तर भानगड रायफलमध्ये आहे, नळीच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झालेला असतो किंवा ब्रीचचं सील खराब झालेलं असतं, त्यात स्कोपचा काय दोष. ग्रुप नीट आला तर मग स्कोपकडे वळा, पण स्कोपच्या आधी माउंटकडे, म्हंजे स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा आणि बैठकीकडे. माझ्याकडे "स्कोप गेला" म्हणून जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा स्कोप ठणठणीत असतो, रिंगा ढिल्या असतात नाहीतर अख्खं माउंटच रेलवरून (रायफलवरच्या खाचेच्या पट्टीवरून) मागे सरकलेलं असतं.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. घरातलं नेलपॉलिश घ्या, रिंग आणि स्कोपची नळी जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ ओढा, अर्धी रिंगवर अर्धी नळीवर. तशीच एक रेघ माउंट आणि रायफलच्या रेलवर. वाळू द्या, मग वीस-तीस छर्रे मारा आणि भिंग घेऊन बघा. रेघ तुटून दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की चोर सापडला. स्प्रिंग रायफलवर हे होतंच होतं, कारण तिचा झटका विचित्र असतो. घोडा दाबला की आतला पिस्टन जोरात पुढे सुटतो, त्यामुळे रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन आपटून थांबला की रायफलला पुढच्या बाजूला दुसरा धक्का बसतो. एका छर्र्यात दोन उलटसुलट हिसके. बारच्या बंदुकीचा झटका मोठा असतो पण तो मागेच येतो, आणि बरेचसे स्कोप तेवढाच सहन करायला बांधलेले असतात. उलट्या हिसक्याने आतलं भिंग ढिलं होतं, क्रॉसहेअर (नेमाची फुली) फिरतं, किंवा टरेटच्या, म्हंजे क्लिक-क्लिक करत नेम सरकवायच्या फिरकीच्या, समोरची जी स्प्रिंग आतल्या नळीला दाबून धरते ती थकते. म्हणून महागड्या शिकारी रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगरवर महिन्याभरात मान टाकतो, लोकांना ते पटत नाही पण असंच आहे. गॅस रॅमवाली (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसची) असेल तरी तेच, तिचा हिसका तर अजून तिखट. पीसीपीवाल्यांना (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) ही कटकट नाही, तिथे झटका जवळजवळ नसतोच, साधा स्कोपही चालून जातो.

तर माउंट एकाच तुकड्याचं घ्या, दोन सुट्या रिंगा नको. प्रत्येक रिंगेला वर चार स्क्रू असलेलं, आणि खाली स्टॉप पिन असलेलं. तुमच्या रेलवर मागच्या बाजूला बारीक भोक असेल, पिन त्यात बसली की माउंट मागे सरकत नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे लावायचा वेगळा अडथळा मिळतो, छोटा ठोकळा असतो, तो घ्या. एअरगनची रेल बहुतेक ११ मिलिमीटर डोव्हटेलची असते, तिच्यावर पिकॅटिनीचं (दुसऱ्या, जास्त रुंद प्रकारच्या रेलचं) माउंट बसत नाही, ऑर्डर करताना हे बघा, परत पाठवण्यात आठवडे जातात. रेल आणि स्कोपची नळी स्पिरिटने पुसून कोरडी करा, तेलाचा अंश राहिला तर कितीही आवळा, सरकणारच. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. आणि एलन की लांब बाजूने धरून जोर लावू नका, रिंगेचे स्क्रू १५ ते २० इंच-पाउंडाचे असतात म्हंजे की छोट्या बाजूने धरून दोन बोटांनी जेवढं आवळलं जाईल साधारण तेवढंच. जास्त आवळलं की नळीला चाप बसतो आणि मग चांगला स्कोपसुद्धा क्लिक नीट घेत नाही.

अजून एक गोष्ट, ही बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसते किंवा सांगत नाहीत. ब्रेक बॅरल रायफलची नळी बिजागरीवर मोडते, आणि बंद केल्यावर ती रेलच्या रेषेत नसून तोंडाकडे किंचित झुकलेली असते. छर्रा खाली लागतो. मग आपण वरचा टरेट फिरवतो, फिरवतो, फिरवतच राहतो आणि शेवटाला नेऊन झिरो करतो, म्हंजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवतो. झिरो होतं पण आतली स्प्रिंग तिथे पार सैल पडलेली असते, प्रत्येक हिसक्याला आतली नळी हलते आणि छर्रे भटकायला लागतात. तुमचं वर्णन वाचून मला याचाच दाट संशय आहे. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, निम्म्यावर आणा, आणि तुमचं झिरो त्या मध्यापासून किती लांब होतं ते बघा. फार लांब असेल तर मागच्या रिंगेखाली पातळ पट्टी घाला, जुन्या फोटोच्या निगेटिव्हचा तुकडा उत्तम. मागची बाजू उचलली की स्कोप किंचित खाली बघतो आणि टरेट मध्याकडे परत आणता येतो. एक, फार तर दोन थर, त्यापेक्षा जास्त घातले तर स्कोपची नळी वाकते. जास्त झुकाव असेल तर त्याच्यासाठी उताराचं माउंट मिळतं, ते घ्या.

हे सगळं करूनही छर्रे भटकले तर मग नवा स्कोप. डबे आणि कागद, ते पण ३०-४० मीटरच्या आत, त्याला १६ पट मोठं करून काय बघणार? १६ पटीवर तुमच्या छातीचे ठोके दिसतील. वर ५० मिलिमीटरचं तोंड म्हंजे वजन अर्ध्या किलोच्या पुढे, आणि जेवढं वजन जास्त तेवढा प्रत्येक हिसका माउंटला जास्त ओढणार. आठ हजारात जेव्हा कोणी ४-१६×५०, लाल-हिरवा लाइट, लेसर असं सगळं देतं तेव्हा पैसे भिंगावर आणि आतल्या स्प्रिंगवर खर्च झालेले नसतात एवढं नक्की. त्याच पैशात फिक्स ४×३२ किंवा २-७×३२ बघा. फिक्स पॉवरमध्ये आत हलणारे भाग कमी, बिघडायला कमी जागा. दोन अटी: कंपनीने स्प्रिंग एअरगनवर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, आणि पॅरलॅक्स जवळच्या अंतराला जुळवता आला पाहिजे, म्हंजे पुढच्या भिंगाभोवती फिरणारी ए-ओ रिंग जी दहा यार्डापर्यंत खाली येते. साधे शिकारी स्कोप १०० यार्डाला जुळवून बंद केलेले असतात, त्यातून दहा मीटरवर बघताना डोळा जरा इकडेतिकडे झाला की नेम काही मिलिमीटर सरकलेला असतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ब्रिटनच्या हॉकचे आणि अमेरिकेतल्या लीपर्सचे यूटीजी नावाने येणारे स्कोप एअरगनवाल्यांमध्ये याच कामासाठी चालतात, भाव मात्र दुकानागणिक बदलतो. दहा हजारातले दोन-अडीच हजार माउंटला बाजूला काढून ठेवा, उरलेल्यात स्कोप.

प्रश्न: २५ मीटरवर झिरो केलं, दणादण मध्ये लागतं. पण १० मीटरवर मारलं की खाली लागतं. जवळ असताना खाली कसं काय? स्कोप खराब आहे का? (सांगली)

स्कोप छान आहे. तो नळीच्या वर चार-पाच सेंटीमीटर बसलेला आहे आणि छर्रा खालून निघतो, चढत चढत तुमच्या नजरेच्या रेषेला येऊन मिळतो. दहा मीटरवर तो अजून पूर्ण वर आलेला नसतो. दर पाच मीटरवर एकेक कागद लावून कुठे लागतं ते लिहून काढा आणि तो कागद बटला चिकटवून टाका. माउंट जितकं उंच तितका हा फरक जास्त, म्हणून पुढचं भिंग नळीला घासणार नाही एवढंच उंच माउंट घ्यायचं.

प्रश्न: आमची पोरगी शाळेतनं दहा मीटर एअर रायफल शिकायला लागलीय, स्वप्निल कुसाळेचं मेडल बघितल्यापास्नं डोक्यात तेच. सर म्हणाले रायफल क्लबची वापरा सध्या. पण मी म्हटलं निदान स्कोप तरी चांगला घेऊन द्यावा पोरीला. पंधरा हजारापर्यंत कुठला घ्यावा? (कोल्हापूर)

भाऊ, पंधरा हजार वाचले तुमचे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. स्वप्निलने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं ते पीप साइटवर, आणि २०१०ला म्युनिकमध्ये तुमच्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने जागतिक स्पर्धेचं सोनं जिंकलं तेही तसंच. मागे बारीक छिद्राची चकती, पुढे गोल रिंग असलेली फोरसाइट, आणि त्या रिंगेत टार्गेटचा काळा गोळा मधोमध आणायचा. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा जो ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पोरं तो उघड्या डोळ्याने, काहीही मोठं न करता मारतात.

पोरीला नंबर असेल तर एक भिंग लावायची परवानगी असते, पण ते फक्त नंबरचं, मोठं करून दाखवणारं नाही. पैसे खर्चायचेच असतील तर सरांना विचारून शूटिंग जॅकेट आणि बूट मापाचे घ्या. वाढत्या अंगाची पोरगी आहे, तेव्हा वापरलेलं जॅकेट क्लबमध्ये मिळालं तर तेच बरं, वर्षात लहान होतं.

प्रश्न: आमच्याकडे पावसात सगळ्याला बुरशी. कॅमेऱ्याची लेन्स गेली, आता स्कोपच्या आत पण जाळं दिसायला लागलंय. डब्यावर वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ लिहिलेलं होतं. आत पुसता येईल का? आणि नवा घेताना काय बघू? (चिपळूण)

आत स्वतः उघडून पुसू नका. स्कोप एकदा उघडला की आतला कोरडा वायू गेला आणि सील पण गेलं, नंतर तो प्रत्येक पावसाळ्यात धुरकट होणार. स्वस्तातल्या स्कोपची दुरुस्ती त्याच्या किमतीपेक्षा महाग पडते हे पण खरंच. जाळं कडेला असेल आणि नेम धरताना दिसत नसेल तर वापरत राहा, फक्त दुसऱ्या लेन्सांच्या डब्यात त्याला ठेवू नका.

फॉगप्रूफ म्हंजे काय तर आतली हवा काढून नायट्रोजन नाहीतर अर्गॉन भरतात आणि रबरी ओ-रिंगा लावून बंद करतात, आत दमटपणाच नाही तर वाफ धरणार कशी. ही पद्धत अमेरिकेतल्या ल्युपोल्डने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुळवली, ओरेगॉनला पाऊस भरपूर, तिथले लोक पण धुरकट स्कोपला वैतागलेले. ओ-रिंगा स्वस्त रबराच्या असतील तर आपल्याकडच्या उन्हात कडक होतात आणि मग डब्यावर काय लिहिलंय त्याला अर्थ उरत नाही. दुकानात तपासायचं तर एवढं करा: टरेटच्या टोप्या काढून बघा, खाली रबराची रिंग दिसते का. मोबाइलचा टॉर्च पुढून मारून मागून आत बघा, कण, तडे, गोंदाचे डाग, काळ्या रंगाचे उडालेले पापुद्रे दिसले तर ठेवून द्या. हातात धरून हळूच हलवा, आत काही खुळखुळलं तर तोही ठेवून द्या. आणि भिंगावर "कोटेड" लिहिलंय का "फुली मल्टिकोटेड" हे वाचा, फरक मोठा आहे: पहिल्यात एखाद्या पृष्ठभागावर एक थर असला तरी ते छापतात, दुसऱ्यात हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर असतात. ढगाळ जुलैच्या संध्याकाळी हा फरक लगेच कळतो.

ठेवताना चामड्याच्या किंवा फोमच्या केसात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. किराण्याचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरायचं. जून ते ऑक्टोबर पंधरवड्याने एकदा डबा उघडून उजेडात बघत जा. उजेड बुरशीला आवडत नाही.

प्रश्न: भाचा दिवाळीला ह्यूस्टनहून येऊन राहिला. तिकडे स्कोप स्वस्त मिळते अन् लाइफटाइम वॉरंटी पण असते म्हणते. त्याले बॅगेत आणाले सांगू का? (नागपूर)

सांगू नका. अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर न्यायला तिथल्या सरकारचे निर्यात नियंत्रणाचे नियम लागू होतात, कॅमेऱ्याच्या लेन्ससारखी ती साधी वस्तू धरत नाहीत, आणि कपड्यांच्या घड्यांत घालून आणला तर नियम मोडल्याचं खापर भाच्याच्या डोक्यावर. पोराचा व्हिसा, नोकरी सगळं तिकडे, सात-आठ हजाराच्या बचतीसाठी कशाला. इकडच्या कस्टमचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

वॉरंटीचं म्हणाल तर व्हॉर्टेक्ससारखी कंपनी खरंच बिल न मागता, मालक कितवा आहे ते न विचारता दुरुस्त करून देते किंवा बदलून देते. पण बिघडलेला स्कोप नागपूरहून तिकडे पाठवायचा कसा आणि परत आणायचा कसा हे बघा ना. वॉरंटी कागदावर किती वर्षांची आहे ते सोडा, भारतात ती कोण निभावणार आहे, वितरक कोण आहे, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तसं लिहून देणाऱ्या दुकानात हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

प्रश्न: आम्ही डॅलसला असतो, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. मिस्टरांच्या ऑफिसमधली मंडळी ईस्ट टेक्सासला डीअर लीजवर (हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेली जमीन) जातात, यावर्षी आम्ही दोघं पण. .२४३ची रायफल घेतली, नेम माझा बरा आहे असं सगळे म्हणतात म्हणून ती आता माझी. स्कोपला ३०० डॉलर ठरवलेत, दुकानातला मुलगा ६-२४×५० दाखवतो. धाकटा दीर पण येणार आहे, तो एच-वन-बीवर आहे, त्याला काही अडचण? (डॅलस)

ताई, दिराचं आधी, कारण ते जास्त महत्त्वाचं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, हातात धरणंसुद्धा त्यात येऊ शकतं. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. टेक्सासमध्ये रानटी डुकरांसाठी खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने २०१९पासून लायसन्स लागत नाही, त्यामुळे बरोबरचे लोक म्हणतील "अरे चल, डुकरांना काही लागत नाही", पण ते त्यांना लागत नाही, दिराला लागतं. त्याने आधी लायसन्स काढावं, वकिलाला एकदा विचारावं, मगच रायफलला हात लावावा. तुमच्या ग्रीन कार्डला ही अडचण नाही.

आता स्कोप. ६-२४ बाजूला ठेवा. ईस्ट टेक्सासमध्ये झाडी दाट, हरीण दिसतं ते बहुतेक वेळा १०० यार्डाच्या आतबाहेर, आणि दिसतं ते पहाटे किंवा तिन्हीसांजेला. तिथे शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. अशा उजेडात पट वाढवणं महागात पडतं. पुढच्या भिंगाचे मिलिमीटर भागिले पट केलं की मागून डोळ्याला मिळणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास निघतो. ३-९×४० चारवर ठेवला तर १० मिलिमीटर, म्हंजे बुबुळ मावेल त्यापेक्षा जास्त, नऊवर ४.४. आणि ६-२४×५० चोवीसवर? दोनच्या जरा वर. अंधारात तुमचं बुबुळ पाचच्या आसपास उघडलेलं आणि त्याला मिळतोय दोनचा ठिपका, हरीण काळं दिसणार, शिंगं फांद्यांत मिसळणार. शिवाय सहाच्या खाली तो येतच नाही, ३० यार्डावर अचानक जनावर आलं तर नुसता केसांचा पट्टा दिसेल, खांदा कुठला आणि पोट कुठलं कळायचं नाही.

साधा ३-९×४० घ्या, ड्युप्लेक्स क्रॉसहेअर, बाहेरच्या रेषा जाड आणि मधल्या बारीक, संध्याकाळी त्या जाड रेषा कामाला येतात. व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर टू दीडशे डॉलरच्या आसपास मिळत आलाय, ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम त्याच्या दुपटीजवळ जातो. मला विचाराल तर ल्युपोल्ड सेलमध्ये सापडला तर तो घ्या, हलका आहे आणि डोळा पुढेमागे झाला तरी चित्र लगेच काळं होत नाही. नाहीतर व्हॉर्टेक्स घेऊन उरलेल्या पैशांच्या चांगल्या स्टीलच्या रिंगा आणि दोन डबे जास्तीची काडतुसं. दुसरा पर्याय मला पहिल्याइतकाच आवडतो, कारण नव्या माणसाने चांगल्या भिंगापेक्षा जास्त गोळ्या मारलेल्या बऱ्या. गहाणवटीच्या दुकानांत (पॉन शॉप) निकॉनचे जुने स्कोप दिसतील, भिंगं सुंदर, पण निकॉनने रायफल स्कोपचा धंदा कधीच बंद केला, तेव्हा भाव त्या हिशोबाने पाडून मागा.

बसवताना एक काळजी. स्कोप नऊवर ठेवा, थंडीत जे जाडं जॅकेट घालणार आहात ते घालून रायफल खांद्याला लावा, डोळे मिटून गाल बटला टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल, कडेला सावली नसलेलं चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा आणि तिथे आवळा. डोळा आणि स्कोप यांच्यात साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहायला हवं. .२४३चा झटका सौम्य आहे पण स्कोप फार मागे बसवला आणि उतारावर वाकून मारलं तर भुवईवर अर्धचंद्र उमटतो, तिकडच्या जुन्या शिकाऱ्यांपैकी किती जणांच्या कपाळावर ती खूण आहे ते बघा एकदा.

झिरो आधी २५ यार्डावर, कागदावर लागायला लागलं की १०० यार्डावर. बहुतेक स्कोपचा एक क्लिक पाव एमओएचा (एमओए म्हंजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग) असतो, १०० यार्डावर साधारण पाव इंच. २५ यार्डावर तोच क्लिक चौथा हिस्सा, तेव्हा तिथे चौपट क्लिक द्यावे लागतात, हे विसरून लोक टरेटला शिव्या घालतात. झिरो झालं की टिकाऊपणाची चाचणी तिथेच करून घ्या, रिटर्नची मुदत असेपर्यंत: नेम एकाच ठिपक्यावर ठेवून एक गोळी, २० क्लिक उजवीकडे, गोळी, २० वर, गोळी, २० डावीकडे, गोळी, २० खाली, गोळी. कागदावर पाचेक इंचाचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी बसली पाहिजे. चौकोन वाकडा आला तर आधी रिंगा परत बसवून बघा, तरी वाकडाच आला तर स्कोप परत.

प्रश्न: रानडुकरं आणि रोही (नीलगाय) कापूस-तूर ठेवत नाहीत. लायसन्स नसलेली एअरगन घेऊन तिच्यावर रात्रीचा स्कोप लावला तर चालेल का? किती ताकदीची घेऊ? (यवतमाळ)

तुमचं नुकसान किती होतं ते माहीत आहे, पण याचं उत्तर नाही असंच आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हत्यार एअरगन आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ०.१७७चा छर्रा डुकराच्या कातडीत अडकतो, जनावर मरत नाही, जखम चिघळवत हिंडतं आणि चवताळलेलं जनावर पहाटे शेतात जाणाऱ्या बाईमाणसाच्या अंगावर जातं. पीकनुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, नुकसान झाल्याबरोबर फोटो काढून अर्ज द्या, उशीर करू नका. उपद्रवी जनावर मारायची परवानगी हा वेगळा विषय आहे, ती वनखातंच देतं आणि ती कोणाला, कशाने, कुठे हे त्या आदेशातच लिहिलेलं असतं. रेंज ऑफिसात जाऊन तो आदेश तुमच्या तालुक्याला लागू आहे का ते विचारा. स्कोपचे पैसे कुंपणाला घाला.

प्रश्न: झिरो करायला लेसर बोअरसायटर घेऊ का? बाराशेला मिळतोय. (पुणे)

नळी कुठे रोखलीय ते लेसरच्या ठिपक्याने दाखवणारं ते यंत्र ०.१७७ला नको. दहा मीटरवर मोठा पुठ्ठा लावा, मध्ये ठिपका काढा, तीन छर्रे मारा, कुठे लागले ते मोजा. पाव एमओएचा क्लिक दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरला जरा कमीच पडतो, म्हंजे दोन सेंटीमीटर सरकवायचं तर तीसेक क्लिक. परत तीन छर्रे. एवढ्यात काम होतं, बाराशेत छर्र्यांचे दोन-तीन चांगले डबे येतील, वेगवेगळ्या वजनाचे घ्या आणि तुमच्या नळीला कुठला मानवतो ते बघा.